पैनगंगेपलीकडचे डोंगर

आदिलाबादच्या डोंगरात गोंडांच्या देवांची कथा गोंड स्वतः गात नाही. ती गातो परधान. घराण्याच्या देवाचे कार्य निघाले की परधान आपली किंगरी घेऊन बसतो आणि रात्रभर गोंडीत गातो. पहांदी कुपार लिंगालची कथा, जंगूबाईची कथा, गुहेत कोंडलेल्या देवांची सुटका आणि मग चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी कुळांची वाटणी. सकाळी तोच परधान घरी जाऊन बायकोमुलांशी मराठीत बोलतो. गोंडांचा धर्म परधानाच्या मुखात आणि त्या परधानाची घरची बोली मराठी, अशी ही व्यवस्था आहे. ज्यांना ती चमत्कारिक वाटेल त्यांच्यासाठीच ही प्रस्तावना जरा लांबवावी लागते आहे. या डोंगरातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या अशीच एकमेकांत गुंतून राहिली आणि गेल्या शंभर वर्षांत एकमेकांसमोर काठ्या घेऊन उभी राहिली. हे कसे झाले, हा या पुस्तकाचा विषय आहे.

आधी प्रदेश. उत्तरेला पैनगंगा, तिच्या पलीकडे आपला यवतमाळ जिल्हा. पूर्वेला वर्धा आणि प्राणहिता, दक्षिणेला गोदावरी. या नद्यांच्या कवेत वायव्येकडून आग्नेयेकडे जाणारी डोंगररांग आहे आणि जुन्या गॅझेटिअरांत तिला सह्याद्री पर्वत किंवा सातमाळा म्हटलेले आढळते. पुण्यामुंबईच्या वाचकाला सह्याद्री आपल्याच मालकीचा वाटतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले. डोंगर उंच नाहीत, पण सागाच्या जंगलाने झाकलेले आणि पावसाळ्यात तुटलेले असत. उटनूरच्या पठारावर जायला १९४० च्या सुमारास धड मोटारीचा रस्ता नव्हता. जुना आदिलाबाद जिल्हा २०११ च्या जनगणनेत सुमारे २७ लाख वस्तीचा होता आणि त्यात अनुसूचित जमातींचे लोक पाच लाखांच्या आसपास. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी तेलंगण सरकारने त्याचे चार जिल्हे केले : आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमरम भीम आसिफाबाद. या पुस्तकात ‘आदिलाबाद’ म्हटले की बहुतेक वेळा तो जुना, मोठा जिल्हा समजावा.

गोंड इथले संख्येने मोठे आणि एकेकाळचे राज्यकर्ते. चांद्याच्या गोंड राजघराण्याची सुरुवात परंपरेने सिरपूरला सांगितली जाते. तिथून ते बल्लारपूरला आणि मग चंद्रपूरला गेले. वर्धेच्या या बाजूला माणिकगडाचा किल्ला अजून उभा आहे. १७५१ मध्ये चांद्याचे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि पुढे डोंगराचा दक्षिण भाग निजामाकडे. राज्य गेले तरी उटनूरच्या आत्रामांसारखी राजघराणी राहिली आणि त्यांच्याखाली मोकाशी राहिले. मोकाशी म्हणजे काही गावांचा वंशपरंपरागत प्रमुख. गावात पटेल आणि पूजेला देवारी. न्यायनिवाडा पंचायतीत व्हायचा आणि तिथून न सुटलेला तंटा मोकाशापुढे जायचा. हैदराबादेतल्या निजामाला या कारभाराशी फार काळ काही देणेघेणे नव्हते, आणि खरे सांगायचे तर डोंगराचा तोच काळ बरा गेला.

गोंडांच्या वर, म्हणजे शब्दशः डोंगराच्या वरच्या उतारांवर, कोलाम. यवतमाळचे कोलाम आणि हे कोलाम एकच. त्यांची कोलामी गोंडीची बहीण, पण बोलणारे थोडे. गोंड सत्तेत वरचढ, तरी जमिनीच्या मूळ देवतांपुढे गोंडाचे चालत नाही. भीमायकाची पूजा कोलामाने करायची, असा संकेत आहे आणि गोंड कोलामाला पुजारी म्हणूनच ओळखतात. थोटी हेही परधानांसारखे गायक-वादक, पण संख्येने मूठभर. कोलाम आणि थोटी दोघेही आज सरकारच्या विशेष असुरक्षित आदिम गटांच्या यादीत आहेत. नायकपोड बहुतेक तेलुगू बोलणारे. आंध मराठी बोलणारे, आणि त्यांची नातीगोती किनवट, उमरखेड, कळमनुरीपर्यंत. पूर्वेला प्राणहितेच्या अंगाला कोया आणि मन्नेवार. सपाटीवर, बेला-जैनद-तामसीच्या काळ्या जमिनीत, कुणबी, माळी, मराठा आणि त्यांची कापसाची शेते. बाजारात कोमटी, मुसलमान व्यापारी, मारवाडी. आणि तांड्यांवर बंजारा, ज्यांना इथे लंबाडा म्हणतात. मथुरा लंबाडा त्यांच्यातलेच, पण वेगळे.

या यादीत कोण आधी आला आणि कोण नंतर, या वादाला अंत नाही. मला त्यापेक्षा महत्त्वाचे वाटते ते हे की शंभर वर्षांपूर्वीपर्यंत या सगळ्यांना एकमेकांशी काम पडत होते. दिवाळीच्या आसपास दंडारी निघते, मोरपिसांचे भरघोस टोप घातलेले गुसाडी एका गावाहून दुसऱ्या गावी पाहुणे म्हणून जातात. परधान पेप्रे वाजवतो, कोलामाची दंडारी वेगळी. मारलवाईचे कनकराजू यांना गुसाडी नृत्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. नाच देशाला माहीत झाला हे चांगलेच, पण ज्या पाहुणचाराच्या व्यवस्थेतून तो आला तिच्याबद्दल वर्तमानपत्रांत ओळही आली नाही.

मग रेघा आल्या. पहिली रेघ जंगलाची. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत निजामाच्या जंगल खात्याने डोंगरावर राखीव जंगलाची हद्द आखायला घेतली. गोंडाची शेती हलक्या जमिनीत फिरती असे. दोनचार वर्षे पेरायचे, मग पडीक ठेवायचे, झुडपे वाढू द्यायची आणि पुन्हा परतायचे. मोजणीदाराला त्या पडीक तुकड्यावर झुडपे दिसली, म्हणून त्याने ते जंगल लिहिले. पेरलेले तेवढे शेत, बाकी सरकारचे. अशा रीतीने आजोबाची जमीन नातवासाठी गुन्ह्याची जागा झाली. दुसरीकडे ज्या जमिनी रेघेबाहेर राहिल्या त्यांवर गोंड शिवाय-जमाबंदी कसत होता, म्हणजे सारा भरत होता पण पट्टा नावावर नव्हता. सपाटीवरून आलेल्या माणसाला पट्टा काय असतो ते ठाऊक होते, पटवाऱ्याचे घरही ठाऊक होते. पट्टा त्याच्या नावे निघाला. हा आलेला माणूस कधी तेलुगू बोलणारा होता, कधी उर्दू, आणि पुष्कळदा मराठी. आपल्याकडच्या लेखनात हा शेवटचा भाग सहसा येत नाही, म्हणून इथे ठळकपणे लिहितो.

कुमरम भीम याच रेघेवर उभा राहिला. संकेपल्लीत जन्म, लहानपणी बापाचे छत्र गेलेले. जमिनीच्या तंट्यात सिद्दीक नावाचा माणूस त्याच्या हातून मेला आणि तो पळाला. चांद्याला, तिथून आसामच्या चहाच्या मळ्यांत, असे त्याचे चरित्र सांगतात. परत येऊन त्याने बाबेझरी, जोडेघाट आणि आसपासच्या गावांतल्या गोंड-कोलामांना उभे केले. बारा गावांत आमचे राज्य राहू द्या, ही मागणी त्याच्या नावाशी जोडलेली आहे. जल, जंगल, जमीन ही घोषणाही त्याच्याच नावावर आहे. १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरावर निजामाच्या पोलिसांनी त्याला आणि त्याच्या सोबत्यांना गोळ्या घातल्या. पुण्यतिथी इंग्रजी तारखेने नाही, आश्विन पौर्णिमेला पाळतात. २०२२ च्या ‘आरआरआर’ चित्रपटाने त्याचे नाव जगभर नेले, पण त्या पडद्यावरच्या भीमाचा आणि बाबेझरीच्या पडीक शेतांचा काही संबंध नाही. चित्रपट बघून या पुस्तकाकडे आलेल्यांनी एवढे लक्षात ठेवले की पुरे : भीमाचा झगडा होता तो जंगल खात्याने अडवलेल्या शेतावरून.

बंड मोडल्यावर सरकारला प्रश्न पडला की हे लोक चिडले का. उत्तर शोधण्याचे काम एका ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडे आले. क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर भारतात आले होते. जर्मन पारपत्रामुळे ते इंग्रजांच्या दृष्टीने शत्रूराष्ट्राचे नागरिक ठरले आणि त्यांना हैदराबाद संस्थानात राहण्याची मुभा मिळाली. पत्नी बेटी यांच्यासह ते मारलवाईत झोपडी बांधून राहिले. महसूल खाते तेव्हा डब्ल्यू. व्ही. ग्रिग्सन यांच्याकडे होते, त्यांनी बस्तरात काम केलेले. या दोघांच्या रेट्यामुळे निजामाच्या राज्यात एक अनपेक्षित गोष्ट घडली. लावणी खास या नावाखाली गोंड, कोलाम, परधान कुटुंबांना फुकट पट्टे मिळू लागले, आणि काही वर्षांत सुमारे १ लाख ६० हजार एकर जमीन त्यांच्या नावे झाली. सरंजामी राजवटीने हे केले आणि पुढच्या लोकशाही राजवटींना ते टिकवता आले नाही. हा हिशेब कडू आहे, पण खरा आहे.

मारलवाईत १९४३ मध्ये गोंडी शाळांसाठी शिक्षक तयार करण्याचे केंद्र सुरू झाले. या शाळांसाठी गोंडी पुस्तके निघाली ती देवनागरीत. कारण साधे होते : ज्या थोड्या गोंडांना अक्षरओळख होती ती मराठीतून होती. याच काळात हैदराबादच्या मुलकी सेवेतला एक मराठी अधिकारी आदिलाबादेत आदिवासींचा विशेष अधिकारी म्हणून काम करत होता. तो गोंडी शिकला, कोलामी शिकला आणि दोन्ही भाषांची व्याकरणे लिहून मोकळा झाला. त्यांचे नाव सेतुमाधवराव पगडी. शिवकाळाचे संशोधक म्हणून मराठी वाचक त्यांना डोक्यावर घेतो, पण गोंडी व्याकरणाचे पगडी कुणाला आठवत नाहीत. त्यांच्या ‘जीवनसेतु’ या आत्मचरित्राच्या वाचकांनाही विचारून पाहावे.

१ नोव्हेंबर १९५६ ला दुसरी रेघ आली, राज्याची. हैदराबाद संस्थानाची भाषेनुसार वाटणी झाली. आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात आले आणि पुढे महाराष्ट्रात राहिले. किनवट नांदेडला, राजुरा आधी नांदेडला आणि मग चंद्रपूरला. उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. भाषावार प्रांतरचनेच्या आनंदात गोंडी भाषेचा प्रांत कोणता, हे कुणी विचारले नाही. तिचे बोलणारे महाराष्ट्र, आंध्र, मध्य प्रदेश आणि ओडिशा यांत वाटले गेले आणि प्रत्येक ठिकाणी अल्पसंख्य ठरले. आदिलाबादच्या शाळांत तेलुगू आली. अडखळत का होईना देवनागरीतून गोंडी वाचणारी पिढी तिथेच थांबली. पुढे गुंजाला गावातल्या हस्तलिखितांतून गोंडीची स्वतःची लिपी उजेडात आली आणि २०१८ मध्ये ती युनिकोडमध्ये दाखल झाली. संगणकावर तिला जागा मिळाली, शाळेच्या वेळापत्रकात ती अजून शोधावी लागते.

रस्ते झाले, आणि रस्त्यांवरून माणसे आली. हायमेनडॉर्फ १९७० च्या दशकात परतले तेव्हा लावणी खासखाली दिलेले पट्टे त्यांना हातोहात फिरलेले दिसले. जैनूरसारख्या गावाचे व्यापारपेठेत रूपांतर झाले होते. कायदा नव्हता असे नाही. १९५९ चे जमीन हस्तांतरण नियमन १९७० मध्ये इतके कडक केले गेले की अनुसूचित क्षेत्रात बिगर-आदिवासीच्या ताब्यातली जमीन मुळात आदिवासीचीच होती असे गृहीत धरायचे आणि उलटे सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर. लोक त्याला आजही ‘एक-सत्तर’ म्हणतात. देशात याहून कडक कायदा क्वचितच असेल.

तिसरी रेघ यादीची, आणि ती सर्वांत पातळ. आंध्र भागात लंबाडा अनुसूचित जमातीत होते, तेलंगण भागात नव्हते. १९७६ च्या दुरुस्तीने हा प्रादेशिक फरक काढला आणि १९७७ पासून तेलंगणातले लंबाडाही जमातीत आले. न्यायाच्या दृष्टीने यात गैर काही दिसत नाही. एकाच राज्यात एकाच समाजाला दोन दर्जे का? पण पैनगंगेच्या अलीकडे, महाराष्ट्रात, तोच बंजारा विमुक्त जातींत मोडतो. नदी ओलांडली की जमात आणि नदीच्या या काठावर विमुक्त, अशी स्थिती झाल्यावर नदी ओलांडली जाणारच. आणि एक-सत्तर जमातीच्या माणसाला जमातीच्या माणसाकडून जमीन घ्यायला अडवत नाही. गोंडाभोवतीचे कुंपण कागदावर जसेच्या तसे राहिले, फक्त त्याला एक फाटक बसले.

मी यात बंजाऱ्यांना दोष देत नाही. मराठवाड्यातल्या तांड्यावरचे दुष्काळी जिणे सोडून जो कुटुंब घेऊन डोंगर चढला तो साम्राज्य उभारायला चढला नव्हता. पण उटनूरच्या शाळेतली शिक्षकाची जागा, पंचायतीची राखीव खुर्ची, एकात्मिक आदिवासी विकास संस्थेचे कर्ज, या सगळ्यांत शिकलेला, रस्त्याजवळचा समाज पुढे गेला आणि कोलामाचे नाव यादीत असून नसल्यासारखे झाले, हेही खोटे नाही. दोन्ही बाजूंची तक्रार खरी असते तेव्हा भांडण लवकर मिटत नाही.

२० एप्रिल १९८१, सोमवार, इंद्रवेल्लीचा बाजाराचा दिवस. गिरिजन रयतु कुली संघमने जमिनीचे पट्टे आणि शेतमालाचा भाव या मागण्यांसाठी सभा बोलावली होती. सभेची परवानगी ऐनवेळी काढून घेण्यात आली. डोंगरातल्या गावांना ते कळायला मार्ग नव्हता, माणसे पायी निघून चुकली होती. पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा, लोकांचा आकडा त्याच्या कितीतरी पट. पहिले स्मारक उद्ध्वस्त झाले, आज दिसते ते नंतरचे. त्या दिवशी तिथे जमू नये म्हणून वर्षानुवर्षे जमावबंदी लागू होत असे.

२०१७ च्या अखेरीस झाले ते वेगळे. समोर गोळ्या घालणारे पोलिस नव्हते, शेजारचीच माणसे होती. लंबाडांना जमातीच्या यादीतून काढा, ही मागणी घेऊन गोंड, कोलाम आणि इतर उठले, तुडुम देब्बा ही संघटना पुढे होती. उटनूर भागात दगडफेक, जाळपोळ झाली, इंटरनेट बंद करावे लागले. दूरचित्रवाणीवर त्याला जमातींमधले वैर म्हटले गेले. हे वर्णन मला मान्य नाही. १९४० मध्ये गोंड आणि लंबाडा यांच्यात असे वैर असल्याचे कुणी लिहून ठेवलेले नाही. एका यादीने दोघांना एकाच ताटावर बसवले आणि ताट मोठे केले नाही.

जगात हे इतरत्रही घडले आहे. रशियाच्या दक्षिण टोकाला कॉकेशसच्या डोंगरात दागिस्तान नावाचे प्रजासत्ताक आहे, त्यात तीसहून अधिक भाषा बोलल्या जातात. १९४४ मध्ये स्तालिनच्या राजवटीने तिथल्या औख भागातल्या चेचेन लोकांना मध्य आशियात हद्दपार केले आणि त्यांच्या घरांत डोंगरावरची लाक कुटुंबे आणून बसवली. जिल्ह्याचे नावसुद्धा बदलले. चेचेन परतले तेव्हा त्यांच्या घरात दुसऱ्याची चूल पेटलेली होती, आणि तो प्रश्न आजतागायत सुटलेला नाही. बाहेरून पाहणारा याला दोन जमातींचे भांडण समजतो. आदिलाबादेत हद्दपारी झाली नाही, सरकारी क्रौर्य त्या प्रतीचे नव्हते, पण कागदावर घेतलेला निर्णय डोंगरावरच्या शेजाऱ्यांमध्ये पेरला जातो तो असाच.

वाघ हा या कथेतला नवा पक्ष. कवाल अभयारण्य २०१२ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले. टिपेश्वर आणि ताडोबाचे वाघ पैनगंगा-वर्धा ओलांडून इथे येतात, त्यांना प्रवेशाचा दाखला लागत नाही. २०२५ मध्ये आसिफाबाद जिल्ह्यात वाघांच्या वाटेसाठी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झाले आणि आदिवासींच्या विरोधामुळे काही आठवड्यांतच तो आदेश स्थगित करावा लागला. जंगलाची रेघ पुसलेली नाही, ती दर पिढीला नव्याने आखली जाते. २००६ च्या वनहक्क कायद्याने काही पट्टे मिळाले, काही दावे फेटाळले गेले. त्याचा तपशील पुढे स्वतंत्र प्रकरणात आहे, इथे त्यात शिरत नाही.

सीमेवरची चौदा गावे मात्र इथेच सांगितली पाहिजेत. जिवती तालुका आणि केरामेरी मंडळ यांच्या मधली परंडोली, कोठा, मुकदमगुडा, महाराजगुडा, अंतापूर, भोलापठार आणि इतर. दोन्ही राज्ये त्यांवर हक्क सांगतात. तिथल्या अनेकांकडे दोन शिधापत्रिका आहेत, दोन मतदार ओळखपत्रे आहेत. एकाच गावात महाराष्ट्राची शाळा आणि तेलंगणची शाळा, दोन सरपंच. निवडणूक कुठलीही असो, गाव दोन्हीकडे मत देते. पुष्कळांना याचे हसू येते. पण त्या माणसांना विचारा, जमिनीचा पट्टा कुणी दिला? मतदार म्हणून दोन सरकारे आहेत, शेतकरी म्हणून एकही नाही, ही तिथली तक्रार आहे. आणि याच पट्ट्यात, कोठा-परंडोलीच्या बाजूला, जंगूबाईची गुहा आहे. पौषात महाराष्ट्रातले आणि तेलंगणातले गोंड दिवा घेऊन तिथे येतात. जिच्या कथेने गोंडांची कुळे बांधली ती देवी दोन राज्यांच्या वादग्रस्त हद्दीवर बसली आहे.

पुढील प्रकरणे वाचताना मराठी वाचकाला दोन विनंत्या. एक, या डोंगरात खरा मूळचा कोण, हे ठरवायला निघू नये. ज्या तंट्याबद्दल वाचाल तिथे आधी जमिनीचा कागद कोणत्या साली, कुणाच्या नावे झाला ते पाहावे. पुष्कळ गोष्टी तिथेच उलगडतात. दोन, जमल्यास पौष अमावस्येला केस्लापूरला नागोबाच्या जत्रेला जावे. मेस्राम कुळाची माणसे गोदावरीचे पाणी पायी घेऊन येतात, नव्या सुनांची देवाशी भेट घालतात, आणि हायमेनडॉर्फ यांच्या काळापासून तिथे दरबार भरतो. अधिकारी समोर बसतात आणि लोक उभे राहून जमिनीबद्दल विचारतात. आदिलाबादहून इंद्रवेल्लीकडे जाणारी बस धरावी, मुत्नूरला उतरावे. पैनगंगेच्या अलीकडचे मेश्राम आणि तिकडचे मेस्राम एकाच रांगेत उभे असतात, तेव्हा मराठीत बोलायला हरकत नाही.